कर्नाळ्याचे रान आणि रविवारची सुटी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "कर्नाळ्याच्या रानातली भटकंती." ते क्षणभर घुटमळले. युनियनचा माणूस बोनसवर बोलेल, किमान वेतनावर बोलेल, फार तर गिरणी संपाच्या आठवणी सांगेल, अशी त्यांची कल्पना असावी, आणि ती वावगी नाही. पण बोनसवर मी वर्षभर कारखान्यांच्या फाटकांसमोर बोलतच असतो. तेथले श्रोते उभे असतात. त्यांचे एक लक्ष भोंग्याकडे आणि दुसरे वॉचमनकडे असते. येथे आपण निवांत बसला आहात. तेव्हा तेथे जे कधी पुरते बोलता आले नाही ते येथे बोलावे, असे मनात आले.

माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते सार्वजनिक वाचनालयाने दिलेले, आणि तेही पाळी सुटल्यावर तास-दीड तास जे डोळे उघडे राहत त्यातले. त्यामुळे इतिहाससंशोधकाचा आव मला आणता येणार नाही. मी एवढेच करणार आहे: आपल्यापैकी पुष्कळजण रविवारी ज्या वाटेने कर्नाळा चढून जातात, ती वाट आपल्याला कशी मिळाली हे विचारणार आहे. रानात फिरावयास दोन गोष्टी लागतात, रान आणि रिकामा दिवस. दोन्ही आपल्याला आयत्या मिळाल्यासारख्या वाटतात. पण या दोहोंनाही आपल्याच मुलखात इतिहास आहे आणि तो फार जुना नाही.

कर्नाळा आपणांस नवा नाही. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागावे, शिरढोण मागे टाकावे, की थोड्याच वेळात रस्ता चढू लागतो आणि दोन्ही अंगांनी झाडी जवळ येते. पनवेलपासून सारे बाराएक किलोमीटर. हे अभयारण्य १९६८ साली जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र पुरते साडेचार चौरस किलोमीटरही नव्हते. २००३ साली ते वाढवून सुमारे १२ चौरस किलोमीटर करण्यात आले. ताडोबाच्या एखाद्या कोपऱ्यात हरवून जाईल एवढेच हे रान. येथे वाघ नाही, आणि ज्यांना वाघच पाहावयाचा असतो ते येथे निराश होतात. पण साग, ऐन, किंजळ, कुंभा, सावर, पळस, पांगारा, उंबर अशी मिश्र झाडी आहे आणि पक्ष्यांच्या दीडशेच्या वर जाती या लहानशा जागेत नोंदल्या गेल्या आहेत. पावसाच्या तोंडावर पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो. तो गातो म्हणण्यापेक्षा, एखादा पोरगा कामावर जाताना मनाशी शीळ घालीत जावा, सूर सापडत सापडत निसटावा, तसे ते असते. माघ-फाल्गुनात सावर-पांगारा फुलला की मधासाठी पाखरांची जी झुंबड उडते ती पाहावयास तर दुर्बीणही नको.

खाली 'हरियाल' आणि 'मोरटाका' अशा दोन पायवाटा आखलेल्या आहेत. लहान मुले आणि वडीलधारी मंडळी यांना त्या सोईच्या. किल्ल्याची वाट मात्र दम काढते. चालण्याची सवय नसली तर वर पोहोचावयास दोन तास धरावेत. वाटेत कर्नाई देवीचे ठाणे लागते, मग पायऱ्या, दरवाजा, आणि मग एकाएकी तो सुळका समोर उभा राहतो. मुंबईकडून येताना जो अंगठा उगारल्यासारखा दिसतो तो हाच. सव्वाशे फूट उंचीचा हा काळा पाषाण. पांडूचा बुरूज असे त्याचे एक नाव आहे. त्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. कड्याला आग्या मोहोळांची पोळी लटकलेली असतात. येथे आरडाओरडा करू नये, धूर करू नये, अत्तरे लावून येऊ नये. हे मी पाटीवर वाचलेले सांगत नाही. एका मित्राला मधमाश्यांनी घेरलेला पाहिला आहे, म्हणून सांगतो.

किल्ल्याचा राजकीय इतिहास मी थोडक्यातच उरकतो, कारण तो पुष्कळ ठिकाणी सापडतो. पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून कर्नाळ्याची हकीकत ठाण्याच्या जुन्या गॅझेटियरात पाहावी लागते. बोरघाटाने उतरणारा माल पनवेलसारख्या बंदरांकडे ज्या मुलखातून जाई त्याच्यावर या किल्ल्याची नजर. म्हणून ज्याच्या हाती कोकण त्याला कर्नाळा हवाच. निजामशाही, गुजरातचे सुलतान, १५४० च्या सुमारास काही काळ पोर्तुगीज, १६७० मध्ये शिवाजी महाराज, मग मोगल, मग पेशवे, आणि १८१८ साली इंग्रजांचा कर्नल प्रॉथर. सत्ता बदलल्या, पण पाणी वाहून नेणारे, तटाचे दगड घडवणारे आणि रात्रीचा पहारा देणारे लोक बहुधा याच पंचक्रोशीतले राहिले असतील. त्यांची नावे गॅझेटियरात नाहीत.

एका नावाजवळ मात्र मला थांबले पाहिजे. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली शिरढोणला झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. आपण लहानपणापासून त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणून ओळखतो. १८७९ चे बंड, रामोशी साथीदार आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात आलेला मृत्यू हे सारे आपणांस पाठ आहे. त्या बंडातली एक धाड तर आपल्या उंबरठ्यावर, १८७९ च्या मे महिन्यात पळस्पे आणि चिखली येथे दौलतराव नाइकांच्या टोळीने घातलेली. पण मला त्यांच्या चरित्रातली आधीची एक हकीकत अधिक जवळची वाटते. ते पुण्यास लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. घरून आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. त्यांनी रजा मागितली. रजा वेळेवर मिळाली नाही. ते शिरढोणला पोहोचले तेव्हा आई गेलेली होती.

बंडाची कारणे पुष्कळ असतात. दुष्काळ होता, दारिद्र्य होता, परकी राज्य होते. एका रजेच्या अर्जावर सारे बंड टांगावे असे मी म्हणणार नाही. परंतु गेली तीस वर्षे माझ्यापुढे जे अर्ज येतात त्यांतले निम्मे याच जातीचे असतात: आई आजारी आहे, बायकोचे दिवस भरले आहेत, भाऊ वारला आहे, आणि मुकादम म्हणतो, माणूस बदली दे आणि मग जा. शिरढोणवरून जाताना मला ते बंड आठवायच्या आधी तो अर्ज आठवतो.

आता रिकाम्या दिवसाविषयी.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली. १८८० पर्यंत गिरण्यांत माणसांची गर्दी झाली होती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. दिवस मोठा तर काम मोठे. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास भरत. आठवड्याची सुटी अशी नव्हती. सणावारी गिरणी बंद राही, आणि यंत्रे साफ करावयाच्या दिवशी अर्धा दिवस जाई तो वेगळाच. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, पण तो पोरांपुरता होता. मोठ्या माणसाला त्यात काही नव्हते.

नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते. 'दीनबंधु' पत्र ते १८८० पासून मुंबईहून चालवू लागले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्या अर्जातल्या मागण्या आज वाचल्या तर आपणांस त्या अगदी गरीब वाटतात. रविवारी पूर्ण सुटी असावी. दुपारी अर्धा तास जेवावयास मिळावा. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन मावळतीला थांबावे. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. यंत्रात सापडून जायबंदी झालेल्या माणसाला काही मिळावे. एवढेच. ज्या लोकांनी त्या कागदावर आंगठे उठवले त्यांतल्या बहुतेकांना तो कागद वाचता येत नव्हता, पण त्यातली प्रत्येक ओळ त्यांच्या अंगावर लिहिलेली होती.

रविवार कशाला हवा, असा प्रश्न विचारला जाई. साहेबाला चर्चमध्ये जावयाचे असते, तुम्हाला काय? लोखंड्यांच्या बाजूचे उत्तर मला फार आवडते. रविवार हा खंडोबाचा वार आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांतला माणूस घाटावरचा किंवा कोकणातला, त्याच्या देव्हाऱ्यात खंडोबा असावयाचा. त्याला रविवारी देवाचे करावयास वेळ हवा. सहा दिवस पोटासाठी राबावे आणि एक दिवस समाजाच्या कामाला द्यावा, असेही ते मांडत. इंग्रजाचा सब्बाथ आणि जेजुरीचा खंडोबा एकाच वारावर येऊन बसले, हा योगायोग आपल्या कामगार चळवळीला फळला.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन बायका बोलल्या. १८९० साली, मैदानात, पुरुषांच्या गर्दीपुढे उभ्या राहून बोललेल्या त्या गिरणीतल्या बायकांचे भाषण शब्दशः कुणी टिपून ठेवले असते तर आज आपण शाळेत ते शिकलो असतो. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुटी आली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही हात होता. मुंबईचे कापड स्वस्त पडते, तेथे कामाचे तास कमी झाले तर आपला माल खपेल, असा त्यांचा हिशेब होता. आपले मालक लोक हे कारण पुढे करून म्हणत की, कामगारांचा कळवळा हे ढोंग आहे. विलायतेतल्या मालकांच्या बाबतीत ते खरे असेलही. पण सह्या करणारे साडेपाच हजार लोक लँकेशायरचे नव्हते. पुढे १८९७ साली मुंबईत प्लेगच्या लोकांची सेवा करीत असता लोखंड्यांना स्वतःलाच प्लेग झाला आणि त्यात ते गेले. वय पन्नासही नव्हते.

रविवार असा आला. आता रानाकडे वळू.

ज्या वर्षांत मुंबईतला माणूस एक दिवस मोकळा मागत होता, त्याच वर्षांत आपल्या डोंगरातल्या माणसापुढे रान बंद होत होते. १८६५ साली पहिला जंगल कायदा आला आणि १८७८ साली दुसरा, अधिक कडक. त्याने जंगलाचे 'राखीव' आणि 'संरक्षित' असे भाग केले. राखीव म्हणजे सरकारने परवानगी दिली तरच आत पाऊल. काल जी आपल्या वाडीमागची टेकडी होती ती आज सरकारची झाली, आणि तेथून सरपणाची मोळी आणणे ही चोरी ठरली.

आपल्या भागात सगळ्यांत मोठा तंटा झाला तो राबावरून. शहरात वाढलेल्या मंडळींना राब म्हणजे काय हे सांगावे लागेल. भाताचे रोप जेथे टाकावयाचे त्या तुकड्यावर शेण, झाडांचे टहाळ, गवत, पालापाचोळा असे थर रचून वर माती पसरतात आणि पावसाआधी ते जाळतात. तण मरते, माती मोकळी होते, रोप जोरात येते. ठाणे-कुलाब्याचा भातशेतकरी राबाशिवाय शेतीचा विचारच करीत नसे. आणि टहाळ यावयाचे कोठून? ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटून. तेच बंद झाले. शेतकरी ओरडला, इतका की मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलविषयक तक्रारींची चौकशी करावयास एक कमिशन नेमावे लागले; त्याचा अहवाल १८८७ साली निघाला. त्याआधीच, १८८३ साली पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीरावांनी जंगल खात्याने गरिबांची गुरे आणि सरपण कसे अडवले यावर कोरडे ओढले होते. लोखंड्यांचे गुरू आणि राबवाल्या शेतकऱ्याचे वकील एकच होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पण मी युनियनवाला असलो तरी दुसरी बाजू झाकून ठेवणार नाही. जंगल खाते नसते तर आज कर्नाळ्याला झाड दिसले असते का, याची मला खात्री देता येत नाही. मुंबई जवळ, बंदर जवळ, आणि शहराच्या चुलींना कोळसा हवा. ठेकेदारांनी रायगडच्या डोंगरांत ज्या कोळशाच्या भट्ट्या लावल्या त्यांनी किती टेकड्या बोडक्या केल्या, हे खोपोली-सुधागडाकडे फिरलेल्यांनी पाहिले आहे. त्या भट्ट्यांवर राबला तो कातकरीच, उचल घेऊन, बायकापोरांसह. म्हणजे रान राखीव झाले तेव्हा त्याची मोळी गेली आणि रान तोडले गेले तेव्हा त्याचीच पाठ मोडली. मला कायद्याचे वाईट वाटते ते तो रान राखतो म्हणून नाही. ज्याने रान कधी विकले नाही त्यालाच त्याने पहिला चोर ठरवले, म्हणून वाईट वाटते.

१९३० साल उजाडले. समुद्रकाठी मिठाचा सत्याग्रह झाला. जेथे समुद्र नव्हता तेथे लोकांनी जंगल निवडले. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि ते लोण सगळीकडे पसरले. आपल्याकडे तर समुद्रही होता आणि जंगलही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला, तेव्हाच्या पनवेल तालुक्यात, अक्कादेवीच्या डोंगराकडे लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन निघाले. राखीव जंगलातले झाड तोडावयाचे आणि कायदा मोडावयाचा, एवढाच बेत. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही पडले. खुद्द मामलेदारही त्या धुमश्चक्रीत मारला गेला. हुतात्म्यांत आगरी होते, कोळी होते, न्हावी होता, आणि नाग्या कातकरी होता. ज्या समाजाला सरकारदरबारी गुन्हेगार समजण्याची चाल होती त्या समाजातला हा तरुण.

कर्नाळ्याच्या माथ्यावर, सुळक्याला पाठ लावून पश्चिमेकडे तोंड करून बसलात, की खाडीच्या अलीकडे ज्या डोंगररांगा दिसतात त्यांतच चिरनेर आहे. मी माणसे घेऊन वर गेलो की एवढे दाखवतो. वायव्येला मुंबईचा धूर दिसतो, पश्चिमेला चिरनेर. फार काही बोलत नाही. वर पोहोचल्यावर माणसाला पाणी हवे असते, व्याख्यान नको असते.

या रानात केवळ गंमत म्हणून चढून जाणे ही चाल किती जुनी असेल? देवीला लोक जात, सरपणाला जात, किल्लेदाराची माणसे नाइलाजाने जात. पाठीवर पिशवी टाकून, भाकरी बांधून, काही आणावयाचे नसता डोंगर चढावयाचा, हे वेड आपल्याकडे मुख्यत्वे स्वातंत्र्यानंतरचे. 'गिरिविहार' ही मुंबईची गिर्यारोहकांची संस्था १९५४ साली निघाली. तिच्यासारख्या मंडळींनी कारकून, विद्यार्थी, बँकेतले आणि गिरणीतले तरुण सह्याद्रीत नेले. शनिवारी रात्री निघावयाचे आणि सोमवारी हजेरीला हजर. या सगळ्या डोंगरवेडाचा पाया काय, असे मला कोणी विचारले तर मी दोर आणि बूट सांगणार नाही; १० जून १८९० सांगेन.

आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९७९ साली, मी आठनऊ वर्षांचा असताना, ते आम्हां भावंडांना एस. टी. ने कर्नाळ्याला घेऊन आले. आईने चपात्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली होती; ती माकडाने पळवली. वडील दिवसभर फारसे बोलले नाहीत. साचेखात्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाला कमी ऐकू येते आणि तो मोठ्याने बोलतो. घरी त्यांच्या आवाजाने आम्ही दचकत असू. त्या दिवशी मात्र ते झाडाखाली कानामागे हात धरून बसले होते. आम्ही विचारले, काय ऐकता? म्हणाले, "काहीतरी वाजतंय." तांबट होता. तो टुक टुक करणारा पक्षी त्यांना ऐकू आला याचे त्यांना कोण कौतुक! पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसे बाहेर पडली आणि त्यांतली पुष्कळ पुन्हा कधी आत गेली नाहीत. वडील त्यांतले एक. आम्ही मुंबई सोडून इकडे आलो, माझी शाळा सुटली, मी कारखान्यात लागलो. ते गेले तोवर वर्षातून एकदा तरी कर्नाळ्याला जावयाचे, हा आमच्या घरी कुळाचार झाला होता.

अभयारण्य झाले हे चांगलेच झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला अधिक बळ आले. त्याच्या पोटातून गोव्याचा महामार्ग जातो. रुंदीकरणाच्या वेळी या टप्प्यावरून वाद झाला, तो आपणांस ठाऊक आहे. रस्त्यावर मरणारी जनावरे आणि गाड्यांचा गोंगाट यांविषयी पक्षिमित्र मंडळी माझ्यापेक्षा अधिकाराने बोलतील. मला बोलावयाचे आहे ते फाटकाबाहेर बसणाऱ्या बायांविषयी. या दिवसांत त्या पानाच्या द्रोणात करवंदे घेऊन बसतात. एका म्हातारीला मी विचारले, कुठली करवंदे? ती हसली आणि म्हणाली, "आमचे सासरे होते तवा आम्ही फाटीला वर जायचो. आता तुम्ही जाता, दादा." रागाने म्हणाली नाही. फाटी म्हणजे जळण. मी तिकीट काढून आत गेलो. २००६ चा वनहक्क कायदा झाला, पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणाऱ्यांवर अन्याय झाला हे त्याने कागदावर कबूल केले, दावे भरले गेले, काही मंजूर झाले, काही कचेऱ्यांत पडून राहिले. त्या म्हातारीला मात्र पक्षी दाखवावयाचे काम, वाट दाखवावयाचे काम, तिच्या घरच्या पोरांना पाठ असलेले काम, अशा मानाने का मिळू नये, हे मला समजत नाही. चार पोरांना काम देऊन चाळीस घरांचे समाधान होत नाही, हेही मला समजते.

आणि रविवार? तोही पुन्हा बंद होऊ लागला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुटी पक्की केली होती. पण ती कायम कामगाराला मिळे. ठेकेदाराच्या माणसाला काय मिळते हे औद्योगिक वसाहतीत जाऊन पाहावे. बारा तासांची पाळी, सातही दिवस. सुटी घेतली तर ती सुटी नव्हे, खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत असे सांगण्यात येते. ते तास मोजणार कोण, एवढेच मला विचारावयाचे आहे. मोजणारा निरीक्षक मी फाटकावर फार क्वचित पाहिला.

२०१८ साली एका कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांसाठी आम्ही आठ महिने भांडलो आणि आठवड्याची सुटी कागदावर मिळवली. पहिल्या रविवारी मी म्हटले, आपण कर्नाळ्याला जाऊ. एकतीस नावे आली. सकाळी एस. टी. स्टँडवर अकराजण आले. बाकीच्यांतले काही झोपले होते, काही दुसरीकडे हमालीला गेले होते. रविवार मिळाला तो त्यांनी लगेच दुसऱ्याला विकला होता. मी त्यांना नावे ठेवीत नाही. घरी पैसे पाठवावयाचे असतात.

अकरांत नांदेडकडचा एक बावीस वर्षांचा मुलगा होता. चढ सुरू होण्याआधीच, मोरटाक्याच्या वाटेवर आम्ही पाणी प्यावयास थांबलो, तो झाडाच्या बुंध्याला टेकला आणि झोपला. हलवले तरी उठेना. दुसरे हसू लागले. मी म्हटले, असू द्या. एकजण त्याच्यापाशी थांबला, बाकीचे आम्ही वर गेलो, टाक्यांवर बसलो, मी त्यांना चिरनेर दाखवले. तीनच्या सुमारास खाली आलो तरी तो तसाच. अंगावर पाने पडली होती. शेवटी मीच त्याच्या खांद्याला हात लावला. तो ताडकन उठून बसला, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, पाळी गेली का?"

मग हसला. तोंड धुतले आणि विचारू लागला, किल्ला कोणीकडे? आम्ही दोघे पुन्हा थोडी वाट चढलो. एका वळणावरून झाडांच्या वर सुळका दिसतो, तेथपर्यंत नेले. पुढे जावयास वेळ नव्हता. संध्याकाळी फाटक बंद होते. पुढल्या खेपेस वर जाऊ, असे ठरले. महिन्याभराने त्या कारखान्यात ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदाराने नवी यादी लावली, आणि तीत त्याचे नाव नव्हते.